‘नो सिग्नल’ची वंशावळ : लॅपटॉप टीव्हीला जोडताना जे अडते, ते नेमके कधीचे आहे? (धागा)

लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली, तिचे दुसरे टोक टीव्हीत खोचले, आणि पडद्यावर काळोख. किंवा चित्र आले, पण खालची टास्कबार अर्धी कापली गेली. किंवा चित्र अखंड आले, पण काळा रंग राखेसारखा दिसू लागला आणि आवाज मात्र लॅपटॉपच्याच तोंडून येत राहिला. हे दोष इतके परिचित आहेत की त्यांनाही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला जन्मसाल आहे, आणि काहींचा जन्म लॅपटॉप नावाची वस्तू अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आरंभ कापल्या गेलेल्या कडांपासून करावा, कारण हा यांतील सर्वांत जुना दोष.

जुन्या टीव्हीत काचेची मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि तो पडद्याच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली एकेक रेघ ओढत जाई. या झोताची झेप घरातल्या विजेच्या दाबावर अवलंबून असे. दाब उतरला की चित्र आक्रसे; नळी आणि आतले भाग जुने झाले की पुन्हा आक्रसे. चित्राभोवती काळी चौकट दिसली की गिऱ्हाईक तक्रार करणार, हे उत्पादकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी साधा उपाय केला : चित्रच पडद्यापेक्षा थोडे मोठे काढायचे, कडा काचेच्या चौकटीमागे दडवून टाकायच्या. यालाच ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. कार्यक्रम तयार करणाऱ्यांनीही ते गृहीत धरले. महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरे मधल्या ८० टक्क्यांत ठेवावीत, असा दंडक स्टुडिओंमध्ये रूढ झाला. टीव्हीशेजारी स्टॅबिलायझरची पेटी घरघरत असे, तो काळ ज्यांच्या आईवडिलांनी पाहिला आहे त्यांना या व्यवस्थेमागचे शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे नळी गेली. तिच्या जागी सपाट पटल आले, ज्यात प्रत्येक ठिपक्याची जागा कायमची ठरलेली असते. विजेचा दाब कमी झाला म्हणून ते चित्र आक्रसत नाही. तरीही ओव्हरस्कॅन राहिला. प्रसारित चित्राच्या कडेला कचरा असू शकतो, या जुन्या समजुतीने अनेक टीव्ही एचडीएमआयमधून आलेले चित्रही चार-पाच टक्के फुगवून दाखवू लागले. चित्रपटात ते कोणाच्या लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या चित्रात मात्र नेमक्या कडेलाच कामाच्या गोष्टी असतात. म्हणून कापलेल्या टास्कबारचा उपाय बहुधा लॅपटॉपमध्ये नसतो, टीव्हीच्या मेनूत असतो : कुठे ‘जस्ट स्कॅन’, कुठे ‘स्क्रीन फिट’, तर कुठे त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव देणे. नाव दिल्याने चित्र सुधारते, हा प्रकार जादूटोण्यासारखा वाटतो खरा. परंतु ‘समोर संगणक आहे, प्रसारण नव्हे’ एवढेच त्या नावाने टीव्हीला कळवले जाते.

पहिल्या पिढीच्या घरगुती संगणकांनी याच अडचणीवर विरुद्ध बाजूने तोड काढली होती. १९७७ सालचा ॲपल-२, १९८२ सालचे झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर-६४ हे सर्व घरातल्या टीव्हीला जोडण्यासाठीच घडवलेले होते. स्वतंत्र मॉनिटर ही सामान्य घराला न परवडणारी चैन होती. स्पेक्ट्रम स्वतःला चक्क एक दूरचित्रवाणी केंद्र म्हणवत असे : आतल्या मॉड्युलेटरमधून तो चित्र एका वाहिनीच्या लहरीवर चढवी, आणि टीव्ही अँटेनाच्या खाचेतून ते पकडी. मग बटण फिरवून ती वाहिनी शोधणे, चित्र फिरू लागले की स्थिर करणे, ही त्या काळची ‘नो सिग्नल’ची लढाई. ॲपलने तर अमेरिकन दळणवळण आयोगाच्या व्यत्ययविषयक नियमांच्या धास्तीने मॉड्युलेटर आपल्या यंत्रात बसवलाच नाही. तो ग्राहकाने दुसऱ्या कंपनीकडून वेगळा विकत घ्यावा, अशी पळवाट काढली. स्पेक्ट्रमच्या चित्राभोवती जो रंगीत पट्टा दिसे, तो शोभेचा नव्हता. २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे कामाचे चित्र मध्ये सुरक्षित ठेवून टीव्ही जे कापणार ते आधीच रिकामे सोडून दिलेले होते. भारतात १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाखाली निवडक शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले, तेही याच पिढीचे.

आता आकड्यांकडे वळावे, कारण या विषयातली सर्वांत चमत्कारिक वंशपरंपरा आकड्यांची आहे.

लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटची यादी उघडली की अनेकदा ६० हर्ट्झच्या शेजारी ५९.९४ अशी विचित्र नोंद दिसते. ती येते कुठून? अमेरिकेत टीव्हीचे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जाई, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची होती. विजेच्या आणि चित्राच्या गतीत तफावत पडली की पडद्यावर गुणगुणीचे आडवे पट्टे सरकताना दिसत. गती सारखी ठेवली की निदान ते एका जागी उभे राहत. युरोपात आणि भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून चित्रही ५०चे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला आले; दोन्हीकडे ६२५ रेघांची, ५० हर्ट्झची पद्धत. अमेरिकेची १९४१ सालची पद्धत ५२५ रेघांची. हे आकडेही लहरीने निवडलेले नाहीत. ५२५ म्हणजे ३ × ५ × ५ × ७, आणि ६२५ म्हणजे ५ चा चौथा घात. लहान विषम संख्यांनी भागाकार करणारी मंडले निर्वात नळ्यांत विश्वासाने बांधता येत, एवढेच त्याचे कारण.

१९५३ मध्ये अमेरिकेला रंग हवा होता, पण लाखो घरांतले कृष्णधवल संच मोडीत काढायचे नव्हते. रंगाची माहिती जुन्याच लहरीत बेमालूम मिसळावी लागली. तेव्हा रंगाची उपलहर आणि ४.५ मेगाहर्ट्झवरची आवाजाची लहर यांच्या झुंजीतून पडद्यावर नक्षी उमटण्याचा धोका दिसला. आवाजाची लहर हलवली तर जुने संच बिघडणार, म्हणून अभियंत्यांनी चित्राचा वेगच हजारात एक भागाने, म्हणजे १०००/१००१ या प्रमाणात, कमी केला. साठाचे ५९.९४ झाले. कृष्णधवल संचांना एवढा फरक जाणवला नाही. तडजोड यशस्वी ठरली.

यशस्वी तडजोडी मरत नाहीत. १९८७च्या एप्रिलमध्ये आयबीएमने पीएस/२ संगणकांसोबत व्हीजीए आणले. त्याच्या ६४० गुणिले ४८० या चित्रप्रकाराचे गणित मांडून पाहावे : सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार ठिपके, प्रत्येक ओळीत दृश्य-अदृश्य मिळून ८०० ठिपके, एकूण ओळी ५२५. भागाकार केला की उत्तर येते ५९.९४. ओळींची संख्या तीच, वेगही तोच. फक्त एकाआड एक रेघा ओढण्याऐवजी सर्व रेघा सलग ओढल्या जात, त्यामुळे ओळींची गती दुप्पट. म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा पुण्यातला संगणकही, काहीच बोलणी न जमल्यास, शेवटी ज्या चित्रावर येऊन टेकतो ते १९५३च्या अमेरिकन तडजोडीचे नातवंड आहे. उलट दूरदर्शनच्या जुन्या चित्रफिती लॅपटॉपवर हलक्या अडखळत चालतात, त्याचे कारणही येथेच आहे : त्यांची सेकंदाला २५ चित्रे साठांत समान वाटता येत नाहीत.

‘बोलणी’ हा शब्द वर आला. व्हीजीएच्या आरंभकाळात संगणक आणि पडदा यांच्यात बोलणी जवळजवळ नव्हतीच. पंधरा पिनांच्या त्या निळ्या जोडणीत काही पिना ओळखीसाठी राखलेल्या होत्या. त्यांतली कोणती जमिनीला जोडलेली आहे, यावरून मॉनिटर रंगीत की एकरंगी एवढेच संगणकाला समजे. बाकी सर्व माणसाने सांगायचे. चुकीचे सांगितले तर परिणाम गंभीर होऊ शके. ठरावीक एका गतीवरच चालणाऱ्या जुन्या मॉनिटरला भलत्याच गतीचा संकेत दिल्यास आतली मंडले तापून निकामी होण्याची भीती असे. नव्वदच्या दशकात लिनक्स बसवणाऱ्यांना मॉनिटरच्या पुस्तिकेतले आकडे हाताने लिहून द्यावे लागत, आणि चूक महागात पडेल असा इशारा सोबत असे.

ही अवस्था १९९४ मध्ये बदलली. व्हेसा या संस्थेने पडद्याने स्वतःची ओळख स्वतः द्यावी अशी पद्धत ठरवली. पडद्याच्या आत १२८ बाइटांची एक लहानशी नोंद. तिचे नाव ईडीआयडी. निर्मात्याची तीन अक्षरे, घडणीचे वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कोणकोणती चित्रे दाखवता येतात त्यांची यादी, आणि अखेरीस एक बाइट असा की सर्व १२८ बाइटांची बेरीज २५६ने निःशेष भागली जावी. जोडणी तीच ठेवून ओळखीच्या जुन्या पिनांपैकी दोन या कामाला लावल्या. स्वस्तातल्या कित्येक केबलींत काही पिना गाळलेल्या असत. मग चित्र तर येई, पण पडद्याचे नाव-गाव संगणकाला कळत नसे आणि तो सावधपणे कमी ठिपक्यांचे चित्र पाठवी. आजही एखाद्या सभागृहातल्या जुन्या प्रोजेक्टरवर सगळे ढोबळ आणि ताणलेले दिसते, तेव्हा केबल बदलून पाहणे हा अंधविश्वास नसतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ईडीआयडी विशेष ओळखीची वाटेल, कारण ती मुळात एक सनद आहे. आणि सनदांना जे रोग होतात ते सर्व तिला होतात. बेरीज जुळत नाही, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला. कधी बेरीज जुळते, पण मजकूरच खोटा असतो : कित्येक टीव्ही आपली लांबी-रुंदी १६० बाय ९० सेंटिमीटर सांगतात, प्रत्यक्षात संच कितीही इंचांचा असो, कारण निर्मात्याने मापाऐवजी १६:९ हे प्रमाणच त्या रकान्यात भरून टाकलेले असते. लॅपटॉप त्यावर विश्वास ठेवतो आणि अक्षरांचा आकार भलताच निवडतो. लिनक्सच्या गाभ्यात अशा खोट्या नोंदींची आणि त्यांवरच्या दुरुस्त्यांची एक यादीच वागवली जाते. बाह्य परीक्षणात अस्सल, अंतर्गत परीक्षणात बनावट. दप्तरखान्यातल्या माणसाला हे नवे नाही.

१९९९ मध्ये डीव्हीआय आले, चित्र आकड्यांच्या रूपातच पडद्यापर्यंत जाऊ लागले. ९ डिसेंबर २००२ रोजी हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर केली. डीव्हीआयचीच तंत्रपद्धती, लहान तोंड, आणि शिवाय आवाज. आवाज कोठे बसवला, हे पाहण्यासारखे आहे. नळीच्या टीव्हीत एक रेघ संपली की झोताला पुन्हा डावीकडे यायला काही क्षण लागत, आणि पान संपले की तळातून माथ्यावर जायला त्याहून जास्त. त्या काळात पडदा अंधारा ठेवत. सपाट पटलात झोतच नाही, पण तो रिकामा काळ संकेतात तसाच राहिला. एचडीएमआयने आवाजाच्या पुड्या त्याच पोकळीत भरल्या. चित्रपटाचे संवाद आज न उरलेल्या एका झोताच्या परतीच्या वाटेने टीव्हीत शिरतात.

मात्र ‘मला ऐकता येते’ हे टीव्हीने आधी सांगावे लागते, आणि ते ईडीआयडीच्या पहिल्या १२८ बाइटांत नसते. पुढच्या जोडपत्रात असते. मधल्या एखाद्या ॲडॉप्टरने जोडपत्र गिळले, तर लॅपटॉप समोर मुका डीव्हीआय पडदा आहे असे समजतो आणि आवाज पाठवतच नाही. अशा वेळी आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्हीचे नावच उमटत नाही. नाव उमटत असून आवाज नसेल, तर दोष साधा आहे : आउटपुट म्हणून ते नाव निवडलेले नाही.

राखाडी काळ्याचे मूळ १९८२ सालच्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे. स्टुडिओतले चित्र आकड्यांत उतरवताना काळ्याला शून्य न देता १६ आणि पांढऱ्याला २५५ न देता २३५ दिला, म्हणजे संकेत थोडा वर-खाली झाला तरी छाटला जाऊ नये. संगणकाचा काळा मात्र शून्यच. एकाने सोळापासून पाठवले आणि दुसऱ्याने शून्यापासून वाचले, की रात्र पहाटेसारखी दिसते. उलट झाले की सावल्यांतला तपशील बुडतो. दोन्हीकडे ‘फुल’ किंवा दोन्हीकडे ‘लिमिटेड’ केले की भांडण मिटते.

इथपर्यंतचे सर्व दोष अपघाती आहेत. जुन्या सोयींचे अवशेष. पुढचा तसा नाही. तो मुद्दाम घडवलेला आहे.

लॅपटॉपचा डेस्कटॉप टीव्हीवर स्वच्छ दिसतो, पण विकत घेतलेला चित्रपट लावताच पडदा काळा होतो, याचे नाव एचडीसीपी. इंटेलने ही व्यवस्था २०००च्या सुमारास पुढे आणली. आकड्यांतले चित्र केबलमधून जसेच्या तसे जाते, म्हणजे ते जसेच्या तसे उतरवूनही घेता येईल, ही चित्रपट उद्योगाची भीती होती. तोडगा असा की पाठवणारे आणि दाखवणारे यंत्र प्रथम एकमेकांना गुप्त किल्ल्या वापरून ओळख पटवतील. पटली नाही तर चित्र नाही. प्रत्येक यंत्राला ४० किल्ल्या, प्रत्येक ५६ बिटांची. किल्ल्या वाटणारी एकच संस्था, आणि एखाद्या यंत्राची ओळख रद्द करण्याचा अधिकारही तिच्याकडेच. टीव्ही ज्याने पैसे मोजून घरी आणला, त्याच्या हाती यांतले काहीच नाही. मध्ये जुना स्प्लिटर, स्वस्त कन्व्हर्टर किंवा व्हीजीएचा प्रोजेक्टर आला की साखळी तुटते, आणि दोष कोठे आहे हे सांगण्याची तसदीही ती व्यवस्था क्वचितच घेते.

तिचे कुलूप कच्चे आहे, हे विद्वानांनी लगेच ओळखले होते. २००१ मध्ये स्कॉट क्रॉस्बी, इयन गोल्डबर्ग, रॉबर्ट जॉन्सन, डॉन साँग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी दाखवून दिले की सुमारे चाळीस यंत्रांच्या किल्ल्या हाती आल्या तर सर्व किल्ल्यांची मूळ किल्ली गणिताने काढता येते. त्याच वर्षी नील्स फर्ग्युसन या डच गूढलेखनतज्ज्ञाने आपणही ही व्यवस्था भेदल्याचे सांगितले, परंतु निष्कर्ष छापले नाहीत. अमेरिकेच्या १९९८च्या स्वामित्वहक्क कायद्याखाली आपल्यावर कारवाई होईल, ही शंका त्याने उघडपणे मांडली. केबलमधल्या एका कुलपाविषयीचे गणित कायद्याच्या भयाने खणात राहिले, ही घटना या सगळ्या कथेतली सर्वांत गंभीर म्हणावी लागेल. सप्टेंबर २०१०मध्ये मूळ किल्ली, म्हणजे चाळीस बाय चाळीसचा आकड्यांचा तक्ता, इंटरनेटवर अनामिकपणे प्रकट झाली, आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. त्यानंतरही प्रत्येक नव्या टीव्हीत एचडीसीपी आहेच, नव्या आवृत्तीत. चोराला तिने किती अडवले हा वादाचा विषय. जुना प्रोजेक्टर वापरणाऱ्याला मात्र ती आजही अडवते.

निदान करताना या भेदाचा उपयोग होतो. सर्वच काळे दिसत असेल तर केबल, इनपुट आणि ओळखपत्र तपासावे. फक्त चित्रपटच काळा दिसत असेल तर मधली यंत्रे काढून थेट केबल जोडून पाहावी. सर्वच काळे असताना आणखी एक गोष्ट पडताळण्यासारखी असते. एचडीएमआयच्या एकोणीस पिनांपैकी अठराव्या पिनेतून लॅपटॉप टीव्हीला पाच व्होल्ट देतो, आणि एकोणिसाव्या पिनेवर टीव्ही ‘मी आहे’ अशी हाक परत देतो. ती हाक चुकीच्या क्षणी आली किंवा आलीच नाही, तर लॅपटॉप पलीकडे कोणी नाही असे धरून चालतो. केबल काढून पुन्हा लावण्याचा जो घरगुती उपाय सर्वत्र केला जातो, त्याने ही हाक नव्याने द्यावी लागते. त्यानेही भागले नाही तर विंडोजची कळ आणि पी; ही सोय २००९च्या विंडोज ७ पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीची एफएन कळीची जोडी निराळी असे.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१५पर्यंत व्हीजीए हद्दपार करण्याचा मनोदय जाहीर केला. लॅपटॉपवरून ते हळूहळू गेले. भिंतींतून ओढलेल्या केबली आणि छताला टांगलेले प्रोजेक्टर राहिले, म्हणून ॲडॉप्टरांचा बाजार फोफावला. ४के टीव्हीवर माउसचा बाण मागे रेंगाळत असेल, तर संबंधित खाच बहुधा २००९च्या एचडीएमआय १.४ची आहे, जिला ४के चित्र सेकंदाला तीसच वेळा पेलते. साठासाठी २०१३ची २.० आवृत्ती लागते, आणि ती लॅपटॉप, केबल व टीव्हीची नेमकी तीच खाच या तिघांतही असावी लागते.

शेवटची अडचण २०१४ची. त्या वर्षी यूएसबी-सी हे दोन्ही बाजूंनी बसणारे तोंड आले आणि त्यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र पाठवण्याचा मार्गही ठरला. पण तो मार्ग ऐच्छिक ठेवला. पंधरा पिनांची निळी जोडणी पाहताच ती चित्राची आहे हे कळत असे. यूएसबी-सीच्या आकारावरून काहीच कळत नाही. एकाच लॅपटॉपच्या दोन बाजूंना दिसायला तंतोतंत सारख्या दोन खाचा असतात. एकीतून चित्र जाते, दुसरीतून फक्त वीज आणि फायली. शेजारी ‘डी’ आणि ‘पी’ ही रोमन अक्षरे गुंफलेली खूण किंवा थंडरबोल्टचा बाण कोरलेला असेल तर ठीक. नसेल तर त्या मॉडेलच्या तांत्रिक तपशिलाचे पान उघडण्यावाचून गत्यंतर नाही.